चुंबकाखालचा माणूस

भंगाराच्या यार्डात क्रेन चालवणाऱ्याला सगळे लंब्या म्हणत. उंची एवढी, की केबिनच्या छताला डोकं लागू नये म्हणून त्याला दिवसभर मान तिरकी करून बसावं लागे, आणि घरी गेल्यावरही ती लवकर सरळ होत नसे. "लंब्या, तुझ्या मापाची क्रेन शिवून घ्यायची राहिली बघ," अशी चेष्टा वजनकाट्यावरचा काटेवाला नेहमी करायचा. लंब्या हसून शिडी चढायचा. एकदा वर बसलं की कोणाचं काही ऐकू येत नसे.

क्रेनच्या लांब हातातून तीन साखळ्या लोंबत आणि साखळ्यांच्या टोकाला तो चुंबक होता. ट्रकच्या चाकापेक्षा मोठा, गोल, जाड, काळाकुट्ट. केबिनमधला दांडा पुढे ढकलला की चुंबकाच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतून करंट धावे आणि खालचं लोखंड उड्या मारत त्याला येऊन चिकटे. मोटारींची दारं, वाकलेले गज, फुटके पाइप, गंजलेले गिअर, एकमेकांच्या अंगावर पडत, खडखडत. दांडा मागे घेतला की करंट बंद आणि सगळं धाडकन खाली. सकाळी ट्रकमधून ढिगावर, दुपारी ढिगावरून भट्टीकडे जाणाऱ्या मोठ्या डब्यांत. वीसेक वर्षं लंब्या हेच करत होता, आणि चांगलं करत होता.

त्यातली बहुतेक वर्षं चुंबकाखाली शिट्टीमामा होता. तोंडात दोन बोटं घालून तो अशी शिट्टी मारायचा, की पत्रे कापायच्या मशीनचा आवाजही फाटून जावा. शिट्टी वाजली की लंब्या खाली बघे आणि मग मामा हातांनी बोलायचा. मूठ मिटली की थांब. हात आडवा फिरवला की वळव. हात डोक्यावर नेऊन हलवला की माल वर घे. आणि तळवा आभाळाकडे करून धरला की चुंबक बंद कर, वाट बघ.

ही शेवटची खूण लंब्याला अजिबात आवडत नसे. दुपार चढली की मामा दोन-दोन, तीन-तीन वेळा तळवा वर धरायचा आणि उपड्या पिंपावर जाऊन बसायचा. इकडे ट्रकांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न बडवतायत आणि मामा निवांत. "म्हातारा दमला," लंब्या स्वतःशीच पुटपुटायचा. "बसा आता पाय चोळत." वर बसून तो काचेवर बोटं वाजवत राही.

आश्चर्य म्हणजे एवढ्या वर्षांत दोघं समोरासमोर बसून धड बोलले असे नव्हतेच. लंब्या डबा वरच खायचा, कारण शिडी उतरून पुन्हा चढायचा कंटाळा. मामा काट्याच्या भिंतीला टेकून खायचा. संध्याकाळी लंब्या केबिनला कुलूप लावून खाली येईपर्यंत मामाची सायकल फाटकाबाहेर गेलेली असायची. पगाराच्या दिवशी रांगेत भेट झालीच तर "काय मामा?" "चाललंय." की संपलं.

घरीही बोलायला कोणी नव्हतं. दोन खोल्या होत्या. बायको मुलाकडे राहत होती, दुसऱ्या शहरात. नात झाली तेव्हा सुनेला मदत म्हणून गेली, दोन-चार महिन्यांसाठी. मग बाळाचे दात आले, मग सुनेची नोकरी सुरू झाली, मग नात शाळेत जायला लागली. भांडण म्हणावं तर कधीच झालं नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो."

"पोरगी?"

"अभ्यास करतेय."

"बरं."

कधी लंब्या न जेवताच "जेवलो" म्हणायचा, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतात. मग पावाला काहीतरी लावून खायचा आणि टीव्ही लावायचा. बघायला नव्हे, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

एका सोमवारी शिट्टी वाजली नाही. लंब्याने खाली पाहिलं, तर चुंबकाखाली कोणीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने काटेवाल्याला विचारलं.

"तुला माहीत नाही?" काटेवाला म्हणाला. "शनिवारी हिशेब करून गेला की. गुडघे कामातून गेले. लेकीकडे राहायला गेला."

"मला बोलला नाही."

"तू वर असतोस," काटेवाला म्हणाला, आणि पुढच्या ट्रकला हात केला.

मामाच्या जागी माणूस घेतला नाही. मालकीणबाईंनी क्रेनच्या हाताला एक कॅमेरा बसवून घेतला आणि केबिनमध्ये छोटासा पडदा. "आता तुम्हाला खालचं सगळं वरूनच दिसेल," त्या म्हणाल्या. आणि दिसायचंही. ढीग दिसायचा, साखळ्या दिसायच्या. पडद्याच्या कोपऱ्यात ते उपडं पिंपही दिसायचं.

महिना गेला असेल नसेल, चुंबक ढिला पडू लागला.

आधी लंब्याच्या लक्षात आलं नाही. एखादा पाइप सुटला, पुन्हा उचलला. मग खेपा वाढल्या. पूर्वी ज्या ट्रकला दहा-बारा खेपा पुरत, त्याला आता वीस लागू लागल्या. दुपारी तर हद्दच व्हायची. माल अर्ध्यावर येऊन झाडाची पानं गळावीत तसा गळायचा. एकदा गिअरचा एक गोळा थेट ट्रकच्या टपावर पडला. ड्रायव्हर खाली उतरून बोंब मारत होता. लंब्याला वरून त्याचं उघडं तोंड तेवढं दिसत होतं. त्या दिवशी तो डबा तसाच परत घेऊन गेला. मामा असता तर त्या ट्रकला तिथे उभाच राहू दिला नसता, हे त्याला कळत होतं.

"चुंबक म्हातारा झाला," त्याने मालकीणबाईंना सांगितलं. "नवा घ्या."

"आधी दाखवू तर कोणाला," त्या म्हणाल्या, आणि विजेच्या मोटारी आणि चुंबक यांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

ती त्याच्या मुलाच्या वयाचीच होती. केस कपड्यात गुंडाळलेले, खिशात मीटर. तिने सकाळी चुंबक लाकडी ओंडक्यांवर टेकवून घेतला, वायरी तपासल्या, करंट मोजला आणि मान हलवली.

"काका, सकाळी तर हा पूर्ण करंट घेतोय. कॉइल ठणठणीत आहे. जोडही घट्ट आहेत."

"मग माल का सोडतो?"

"तेच बघायचंय. चुंबकाची ताकद काही आभाळातून येत नाही." ती ओंडक्यावर बसली आणि बोटांवर मोजत सांगू लागली. "आत तारेचे वेढे किती, ही एक गोष्ट. ते कारखान्यातून निघताना होते तेवढेच आहेत, ते काही कमी होत नाहीत. दुसरा करंट. तिसरं मधलं लोखंड, ज्यावर तार गुंडाळलीय. तेही जागेवर आहे. म्हणजे या तिन्हीत खोट नाही. दुपारी पुन्हा मोजू या."

दुपारपर्यंत लंब्याने नेहमीसारखं काम केलं. तिने पुन्हा मीटर लावला आणि शीळ घातल्यासारखा ओठांचा चंबू केला.

"बघा. करंट बराच उतरलाय. हात लावा याला. नको, नको, भाजेल. आतली तार तापली की ती करंट अडवायला लागते. करंट कमी म्हणजे ताकद कमी. तुम्ही याला मध्ये थंड होऊ देत नाही का?"

"थंड?"

"हो. बंद करून ठेवायचा थोडा वेळ. सलग चालवला तर तापणारच. आणि एवढी वर्षं हा चालतोय, तर पूर्वी का नाही तापला?"

लंब्याची नजर ढिगाकडे गेली. त्याला पिंप दिसत होतं, आणि आभाळाकडे धरलेला एक तळवा.

ती मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिने जाड हातमोजा चढवला, ओंडक्यांच्या मधून वाकून चुंबकाच्या खालच्या तोंडावर हात फिरवला आणि हात बाहेर काढून त्याच्यासमोर धरला. तेलात भिजलेला चिखल, गंज आणि लेथवरचा बारीक लोखंडी कीस, सगळं मिळून थर झालेला होता, करंगळीएवढा जाड.

"हे घ्या. घोडं इथे पेंड खातंय. चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये जरा जरी फट राहिली ना काका, तरी पकड निम्म्यावर येते. अगदी पातळ वहीएवढी फटसुद्धा पुष्कळ झाली. वेढे तेच, करंट तोच, पण जोर मधल्या मध्येच विरून जातो. हे खरवडतं कोण?"

"कोणी नाही."

"पूर्वी?"

लंब्याला आठवलं, सकाळी तो केबिनमध्ये चढून सीट पुसत असताना खालून खरखर आवाज यायचा. त्याला वाटायचं, मामा बूट घासतोय.

"आणि ढीगही नीट लावत जा," जाता जाता ती म्हणाली. "एकावर एक पातळ पत्रे, मध्ये पोकळी, असं असलं की वरचं एक पान तेवढं चिकटतं. जड, सपाट माल एकत्र ओढून ठेवला तर तो गच्च धरेल. खाली माणूस नाही तुमच्या?"

"होता," लंब्या म्हणाला.

रविवारी त्याने धुतलेला शर्ट घातला आणि काटेवाल्याकडून पत्ता घेऊन मामाच्या लेकीच्या घरी गेला. जाताना सफरचंदं घेतली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते लेकीने. "बाबा, तुमच्या कामावरचं कोणीतरी आलंय," तिने आत हाक मारली.

मामा गॅलरीत खुर्चीवर बसला होता. लंब्या दारातच थबकला. इतकी वर्षं त्याने मामाला वरून पाहिलं होतं; पिवळं हेल्मेट, दोन खांदे आणि त्यांच्यापासून फुटलेले हात. हेल्मेटखाली हा चेहरा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं म्हणा ना. पगाराच्या रांगेत पाहिला होता, पण बघितला नव्हता. गालावर देवीचे वण होते. डोळे घारे होते. आणि मामा चांगलाच बुटका होता.

मामाही त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"लंब्या?"

"हो मामा."

"बस, बस. अरे, रस्त्यात भेटला असतास तर ओळखलं नसतं मी. मला तुझं कोपर तेवढं माहीत. खिडकीतून बाहेर आलेलं." तो हसला. "बाकी काचेत काही दिसायचं नाही. नुसतं आभाळ दिसायचं."

लेकीने चहा आणला. दोघांनी तो पिऊन टाकला. कपात काही उरलं नाही तेव्हा लंब्याने एकदाचं विचारलं, "मामा, तुम्ही दुपारी चुंबक बंद करायला लावायचात. तो तापतो म्हणून?"

"तापतो की काय होतो, ते मला काय कळतंय? दुपारी माल पायाशी पडायला लागायचा, एवढं दिसायचं. म्हटलं, याला जरा उसंत दिली तर पुन्हा धरतो. एकदा करून बघितलं, धरला. मग रोजच करायला लागलो."

"आणि खालून खरवडायचात?"

"मग! एकदा चिकटलेल्या घाणीमुळे एक गज सुटला आणि हा अंगठा चेचला." मामाने चपलेतून पाय काढून दाखवला. अंगठ्याला नख नव्हतं. "त्यानंतर कधी सोडलं नाही."

"मला वाटायचं, तुम्ही दमलात म्हणून बसता. मी वर चिडायचो."

"दमायचोही," मामा म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"माझं काम त्यामुळे सोपं व्हायचं, मामा."

"तुझ्यासाठी नाही रे बाबा. माझ्या पायांसाठी." आणि मग लंब्याचा चेहरा पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो सावकाश म्हणाला, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. डोक्यावर कोणाच्या तरी हातात एवढं लोखंड आहे, तो माणूस शुद्धीवर आहे ना, हे बघत राहावं लागतं. मान वर करून करून मणकाही गेला माझा. डॉक्टर म्हणतात, तुम्ही काय पतंग उडवत होता का?"

दोघंही हसले. खाली रस्त्यावर कोणी मूल सायकलची घंटी वाजवत गोल गोल फिरत होतं.

"जाताना सांगितलं नाहीत," लंब्या म्हणाला. त्याला हे बोलायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

"सांगितलं की!" मामा खुर्चीत पुढे झाला. "शनिवारी. शेवटची गाडी भरत होती. मी शिट्टी मारली, तू खाली बघितलंस. मी असा हात केला." त्याने हात डोक्यावर नेऊन हलवला. "येतो म्हणून."

लंब्याला तो शनिवार आठवला. चुंबकाला दोन मोटारींचे सांगाडे चिकटलेले. खाली पिवळं हेल्मेट, वर गेलेला हात, हलणारा.

"मी माल वर घेतला," तो म्हणाला.

"हो ना. घेतलास." मामा मागे टेकला. "म्हटलं, असू दे. काम चालू आहे त्याचं."

गॅलरीच्या कठड्याकडे बघत लंब्या बसून राहिला. मामाने सफरचंदाची पिशवी मांडीवर घेतली, एक फळ काढून शर्टाला पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "खा," तो म्हणाला. दोघांनी एकेक सफरचंद खाल्लं. मग लेक आत कपडे आवरू लागली, तेव्हा लंब्या उठला. "येत जा," मामा म्हणाला. "येईन," लंब्या म्हणाला. जिना उतरताना त्याला वाटलं, आपण येऊ. पण येऊन बोलणार काय, हे काही त्याला ठरवता आलं नाही.

सोमवारी तो मालकीणबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "खाली माणूस पाहिजे. कॅमेऱ्याला खरवडता येत नाही."

"बघते," त्या म्हणाल्या. "एवढ्यात जमणार नाही. तोवर तुम्ही काय करायचं ते करा, मी काही बोलणार नाही."

मग त्याने तेच केलं. रोज सकाळी वर चढायच्या आधी चुंबक ओंडक्यांवर टेकलेला असायचा, त्याच्याखाली पाठीवर झोपून लंब्या छिन्नीने थर खरवडू लागला. एवढा उंच माणूस, पाय बाहेर यायचे. काटेवाला म्हणाला, "मोटार दुरुस्त करतोयस का?" त्याने उत्तर दिलं नाही. तोंड उघडलं की घाण तोंडात पडायची. दुपारी तो चुंबक बंद करून शिडी उतरायचा, जड माल एका बाजूला, पातळ पत्रे दुसऱ्या बाजूला, असा लोखंडी आकड्याने ढीग सारखा करायचा आणि चुंबक निवेपर्यंत सावलीला उभा राहायचा. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. वाजवू देत.

आठवड्याभरात चुंबक पुन्हा पहिल्यासारखा धरू लागला. खेपा कमी झाल्या. एक अख्खं इंजिन त्याने एका झटक्यात उचललं, तेव्हा काट्याजवळच्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. लंब्याने सवयीने खाली पाहिलं. खाली नुसती जमीन होती, चुंबकाची गोल सावली आणि तेलाचे डाग. इंजिन डब्यात टाकून तो पुढच्या खेपेकडे वळला.

त्या संध्याकाळी अंग इतकं दुखत होतं, की तो घरी येऊन तसाच पलंगावर आडवा झाला. टीव्हीही लावला नाही. फोन वाजला.

"जेवलात?"

"नाही."

"का हो? बरं नाही का?"

"बरंय. दमलोय. आता मला खालचंही काम करावं लागतं." आणि मग, का कोण जाणे, तो सांगत सुटला. चुंबक ढिला पडला ते, दुरुस्तीवाली मुलगी, करंगळीएवढा थर, मामाचा अंगठा, आणि तो शनिवार. बायकोने एकदाही अडवलं नाही. मधूनमधून पलीकडे मटार सोलल्याचा, भांड्यात दाणे पडल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही एवढं बोलता हे मी विसरलेच होते," ती शेवटी म्हणाली.

"तुला वेळ आहे का?"

"मला काय झालंय? दुपारभर घरात मी एकटीच असते. ही दोघं कामावर, पोरगी शाळेत. संध्याकाळी येतात तेव्हा आपापल्या खोल्यांत. मी भिंतींशी बोलते म्हणा."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"मागे विचारलं होतं, परत येऊ का. तुम्ही म्हणालात, तुझी मर्जी."

लंब्या उठून बसला. तो असं म्हणाला होता. म्हणजे, तिला वाटेल तेव्हा तिने यावं, आपला काही अडसर नाही, असं त्याला म्हणायचं होतं. तिने त्याचा काय अर्थ लावला असेल, हे त्याला आत्ता कळलं.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला.

"मग कसं?"

लंब्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "'ये' असं."

पलीकडे मटार सोलायचं थांबलं. "एकदम कसं येता येईल?" ती हळूच म्हणाली. "पोरीची परीक्षा आहे. सुनेला तरी काय सांगू? आणि खरं सांगू का, आता तुमच्याबरोबर राहायची सवयही मोडलीय. बघू."

"बघू," तो म्हणाला.

तरी तिने फोन ठेवला नाही, आणि त्यानेही नाही. बोलायचं संपलं होतं. तो फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात गेला, दिवा लावला आणि पातेल्यात अंडी उकडायला टाकली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कसला आवाज येतोय?" त्याने सांगितलं. "मीठ टाका पाण्यात," ती म्हणाली, आणि पलीकडे पुन्हा एकेक शेंग फुटू लागली.